त्रास देतो की त्रास होतो? ‘अस्तु’ चित्रपट आणि सांभाळणाऱ्यांचं शिक्षण

(नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, भाषा वक्त्यांची तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘वृद्धत्वाचं तत्त्वज्ञान’. मी त्यांना म्हणालो, बाबांनो, वृद्धत्वाचं तत्त्वज्ञान पन्नाशीत सुचतं, सत्तरी ओलांडली की गुडघेच सुचतात. त्यापेक्षा मी एका चित्रपटाबद्दल बोलतो. आणि त्या निमित्ताने अशा एका कामाबद्दल बोलतो, ज्याला काम म्हणायलाच आपण अजून तयार नाही.

चित्रपट आहे ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१३ सालचा. बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित, आता निवृत्त. त्यांना अल्झायमर झालाय. थोरली मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघते आणि वाटेत कामासाठी खाली उतरते. शास्त्री गाडीतच. तेवढ्यात रस्त्यात हत्ती दिसतो. शास्त्री लहान पोरासारखे हरखतात, गाडीतून उतरतात आणि हत्तीमागे चालायला लागतात. इकडे मुली, जावई यांची शोधाशोध सुरू. तिकडे हत्तीवाल्याची बायको, चन्नम्मा, या अनोळखी म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखं सांभाळते. शास्त्रींना तिच्यात आई दिसते.

शास्त्री झालेत डॉ. मोहन आगाशे, इरा इरावती हर्षे, चन्नम्मा अमृता सुभाष. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सुमित्रा भावे यांना संवादांसाठी मिळाला. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. भावे समाजकार्य शिकलेल्या, पुढे तो विषय शिकवलेल्या. म्हणजे हा चित्रपट करणाऱ्यांना विषय ऐकीव नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्याच्यावर आक्षेप घेणार आहे, म्हणून.

मी हा चित्रपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून. स्मृती गेली तर ‘मी’ उरतो का, हा प्रश्न वर्गात तीस वर्षं फळ्यावर लिहिला होता, तो पडद्यावर बघायला मिळाला. लॉक आठवला, बौद्धांचा क्षणिकवाद आठवला. घरी येऊन दोन पानं टिपणं काढली. ती टिपणं आता वाचली तर मला माझीच लाज वाटते. त्यांत चन्नम्माचं नाव एकदा आलंय, तेही कंसात.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझ्या घरात आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं. कंधार तालुक्यातल्या गावी ती एकटीच राहायची. मग भाकरी तव्यावर विसरायला लागली, मग गावातल्याच घराची वाट चुकली, तेव्हा तिला नांदेडला आणलं. दिवसभर बरी असायची. संध्याकाळी चार वाजले की उठायची आणि दाराकडे निघायची. म्हणायची, घरी जायचंय, म्हशीची धार काढायची राहिली.

मी काय करायचो? मी तिला पटवून द्यायचो. आक्का, हेच घर आहे. आक्का, म्हैस आपण १९७८ साली विकली. आक्का, तुझं वय बघ. एकेक विधान सत्य, एकेक अनुमान बरोबर. आणि दर अनुमानागणिक आक्काचा आवाज चढायचा. एके दिवशी तिने तांब्या फेकून मारला. कपाळाला लागला. मी फोनवर पुतण्याला सांगितलं, “आक्का आता फार त्रास देते रे.”

या वाक्यावर मला थांबायचंय, कारण आजचं सगळं व्याख्यान या वाक्यात आहे. मराठीत आपण दोन वाक्यं म्हणतो. तो त्रास देतो. त्याला त्रास होतो. ‘देणे’ या क्रियापदाला देणारा लागतो. देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं, म्हणून तर तो देतो. एखादं माणूस त्रास देतं असं म्हणालो, की त्याचा हेतू मी न तपासता गृहीत धरला. आणि हेतू असला की पुढे दोष येतो, दोष आला की शिक्षा येते. शिक्षेचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. ओरडणं, दटावणं, कोंडणं, जेवण उशिरा देणं, हात बांधणं. ही सगळी माळ एका क्रियापदाला लागून येते.

इंग्लंडात १९८० च्या दशकात असाच एक शब्दबदल झाला. आधी म्हणायचे ‘समस्या असलेली माणसं’. मग काही जाणत्यांनी सुचवलं, ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणा. त्यांचा मुद्दा असा, की हे आव्हान व्यवस्थेपुढे आहे. माणूस असा वागतोय, म्हणजे आपल्या व्यवस्थेत त्याला जे मिळायला हवं ते मिळत नाहीये, आणि ते शोधून काढणं हे आपल्यापुढचं आव्हान. शब्द चांगला होता. पण थोड्या वर्षांत तोही माणसाच्याच कपाळावर चिकटला. “हा आव्हानात्मक पेशंट आहे, सांभाळून.” लेबल बदललं, बाटली तीच.

तर मी आक्कासाठी एका ब्युरोतून बाई शोधली. देगलूरकडची होती. आपल्या त्या पट्ट्यात मराठीत तेलुगू येतं, कानडी येतं, तशीच तिची बोली. तिला आम्ही मावशी म्हणायचो, वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असूनही. पहिल्याच दिवशी चार वाजले, आक्का उठली, म्हैस निघाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी आक्काच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “कोणती म्हैस वं आक्का? मारकी का गरीब?”

आक्का थांबली. सांगायला लागली. मारकी होती, पण तिला मारत नव्हती. पान्हा चोरायची. दोघी बोलत बोलत अंगणात दोन चकरा मारून आल्या. मावशीने तिच्या हातात रिकामी चरवी दिली, आक्काने ती घासली, पुसली, पालथी घातली. साडेपाचला चहा झाला. कपाळावर तांब्या आला नाही.

त्या रात्री मी मावशीला विचारलं, तुम्ही हे कुठं शिकलात? ती म्हणाली, “शिकले काय सर, बघून बघून. आदी एका घरी म्हातारं होतं, ते लई मारायचं. मला कोन सांगितलं नाही. मार खाऊन खाऊन कळलं, त्याला कवा मारू वाटतं ते.”

मार खाऊन खाऊन कळलं. मंडळी, आपल्या समाजात या कामाचं शिक्षण अजून असंच होतं. शिकणाराही मार खातो, आणि शिकेपर्यंत ज्याच्यावर शिकतो तोही खातो.

आता चित्रपटाकडे येतो. ‘अस्तु’ दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त चन्नम्माचे हात बघत होतो. ती काय करते, काय करत नाही. ती शास्त्रींची परीक्षा घेत नाही. घरातली शहाणी माणसं, प्रेमाची माणसं, आजाऱ्याची सतत परीक्षा घेत असतात. मी कोण सांगा बरं? आज वार कोणता? त्यांना हरलेलं बघून आपल्यालाच रडू येतं, आणि तरी आपण पुन्हा विचारतो. चन्नम्माला ते आधी कोण होते हे ठाऊकच नाही, त्यामुळे त्यांचं काय हरवलं हेही ठाऊक नाही. तिच्यासमोर जो माणूस आहे तो पुरा आहे. इरासमोर मात्र वडिलांची दोन रूपं एकाच वेळी उभी असतात, आणि एक दुसऱ्याला खात असतं. हा फरक चित्रपटाने फार सच्चेपणाने दाखवलाय. मराठीत या आजारावर त्याच्याइतकं खरं मी काही पाहिलेलं नाही.

टॉम किटवुड नावाचा इंग्लंडातला मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. स्मृतिभ्रंशावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १९९७ चं. तो म्हणतो, माणूसपण ही मेंदूत साठवलेली वस्तू नाही, ते आपण एकमेकांना नात्यातून देत असतो. आणि आजाऱ्याचं माणूसपण फक्त आजार नेत नाही, भोवतालची माणसंही रोज थोडं थोडं नेतात. त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं, घाई करणं, लहान मूल समजून लाडात बोलणं, दुर्लक्ष करणं. यातलं काहीही दुष्टपणाने होत नाही, सवयीने होतं. चन्नम्मा किटवुडचं पुस्तक न वाचता ते करते.

आणि इथंच माझा आक्षेप सुरू होतो.

हा चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक काय म्हणतो? मी अनेकांकडून ऐकलंय. “बघा, शिकलेल्या लेकीला जमलं नाही ते अडाणी बाईला जमलं. शेवटी माया लागते हो. ट्रेनिंगबिनिंग सगळं खोटं.” मला या वाक्याची भीती वाटते. तीन कारणं सांगतो.

पहिलं. चन्नम्माचं जे आहे ते कसब आहे, निसर्गदत्त मायेची उकळी नाही. ती हत्तीवाल्याच्या घरातली बाई आहे. टनावारी वजनाच्या जनावराशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना एक गोष्ट पक्की कळते, की इथं वाद घालून भागत नाही. जनावर बिथरण्याच्या आधी कान काय करतं, सोंड काय करते, गर्दी किती झाली, ऊन किती झालं, पाणी कधी पाजलं होतं, हे सगळं माहुताच्या घरात श्वासासारखं चालू असतं. आपल्या मराठवाड्यात गुराख्याला, मेंढपाळाला, पोरं वाढवलेल्या बाईला हे येतं. ते आपण ‘स्वभाव’ म्हणून खाली ढकलतो, म्हणजे त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. गवंड्याच्या हाताला आपण कसब म्हणतो, आणि आजाऱ्याला अंघोळ घालणाऱ्या हाताला माया म्हणतो. गवंड्याला रोज ठरवून मिळतो.

दुसरं. चन्नम्माला शास्त्री थोडाच वेळ मिळाले. इराला वर्षानुवर्षं. थोड्या वेळापुरती मीही चन्नम्मा होऊ शकतो. तीनशेव्या रात्री, अडीच वाजता, चौथ्यांदा चादर बदलताना कोण चन्नम्मा राहतं, हा खरा प्रश्न. चित्रपट इराचा थकवा दाखवतो, लपवत नाही. पण कथेचा तोल असा आहे, की प्रेक्षकाच्या मनात कृपा चन्नम्माच्या बाजूला जाते आणि अपराध इराच्या. मला वाटतं इरावर हा अन्याय होतो. घरोघरच्या इरा थिएटरातून बाहेर पडताना स्वतःला आणखी थोडं अपराधी समजत गेल्या असतील.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. पगार घेऊन, पाळी लावून, रात्रंदिवस हे काम करणारं माणूस या चित्रपटाचा कणा नाही. मावशी, आया, ब्रदर, ब्युरोतून आलेली बाई, वृद्धाश्रमातली सेविका. चित्रपटाच्या जगात सांभाळणं एक तर लेकीचं कर्तव्य आहे, नाही तर परक्या बाईचं वात्सल्य. मधली जागा, जिथं हजारो बायका-पुरुष रोज उभे आहेत, ती रिकामी आहे. याच दिग्दर्शकांच्या ‘देवराई’त, २००४ च्या, छिन्नमनस्कतेने आजारी असलेल्या शेषचा भार बहिणीवर. तीही जवळून, समजून दाखवलेली गोष्ट. पण पुन्हा घरच. हा एका चित्रपटाचा दोष नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत तरी आजाऱ्याजवळ बसणारं पगारी माणूस कितीदा नायक झालंय? तुम्ही आठवून बघा.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं परदेशातून आलंय, आपल्याकडे सेवा असते, ट्रेनिंग नसतं. त्यांच्यासाठी एक आपलं उदाहरण. तेराव्या शतकातला मराठीतला आद्य गद्यग्रंथांपैकी एक, म्हाइंभटांच्या नावावर असलेला, ‘ऋद्धिपूरलीळा’. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचं चरित्र. महानुभाव पंथीयांसाठी ते परमेश्वरावतार. मी त्यांना रुग्ण म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. मी फक्त ग्रंथाकडे बघतोय. ग्रंथ सांगतो, की ते हसत, रागावत, कुणाच्याही घरात शिरत, जगाच्या रीतीला धरून वागत नसत. गावातल्यांनी त्यांना वेडंही म्हटलं आणि मायबापही मानलं. आणि चक्रधरस्वामींच्या मागे त्यांचे अनुयायी ऋद्धिपूरला जाऊन त्यांच्या सेवेत राहिले.

त्या लीळांची रचना बघा. छोटे छोटे प्रसंग. कुठं घडलं, जवळ कोण होतं, त्यांनी काय केलं, बाकीच्यांनी काय केलं. अभिप्राय फारसा नाही. “फार हट्टी आहेत” असं कुणी लिहून मोकळं होत नाही. आज जगभर या कामाच्या शिक्षणात पहिला धडा हाच असतो. वर्तनाआधी काय घडलं, वर्तन नेमकं काय, नंतर काय झालं, हे लिहा. विशेषणं लिहू नका. ही शिस्त मराठी गद्याला जन्मापासून माहीत आहे. त्या सेवकांची भक्ती होतीच, पण भक्तीबरोबर बघणंही होतं. आपण भक्ती उचलली आणि बघणं सोडून दिलं.

आता थोडं आजच्या प्रशिक्षणाबद्दल. काही वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमात सेविकांच्या प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. आश्रमाचं नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. प्रशिक्षण दोन तासांचं. दीपप्रज्वलन, स्वागत, मग एका वक्त्यांनी सांगितलं, यांना आपल्या आईवडिलांसारखं समजा, प्रेमाने वागा, चिडू नका. मग फोटो, प्रमाणपत्र, पोहे. मी मागे बसलेल्या एका बाईंना विचारलं, रात्री तुम्ही किती जणी असता? म्हणाल्या, दोघी. आणि म्हातारी माणसं? २२. त्यातली सात-आठ रात्री उठणारी. त्या बाईंना प्रेम करा म्हणून सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे फायदे सांगणं.

त्याच आश्रमात एक आजी होत्या. सगळे म्हणायचे, या फार आक्रस्ताळ्या. रोज पहाटे तीन-साडेतीनला उठायच्या, खोलीबाहेर पळायच्या. पडतील म्हणून बायकांनी बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. मग आजी दार बडवायच्या, किंचाळायच्या, धरायला गेलं की चावायच्या. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवली, तर दिवसा पडायला लागल्या. मी सहज विचारलं, आजींचं गाव कोणतं? कुणाला माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये बघितलं. किल्लारीच्या बाजूचं गाव.

सभागृहात एवढी शांतता झाली, म्हणजे तुम्हाला कळलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून गेलेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. पुढे कित्येक महिने त्या भागातली माणसं छताखाली झोपली नाहीत. या आजींचं सगळं विसरलं होतं, ती वेळ विसरली नव्हती. आणि आपण त्यांना त्याच वेळी छताखाली कोंडून वर कडी घालत होतो.

त्यांची खाट व्हरांड्यात जाळीच्या आत घेतली. आजी तरीही उठायच्या, ते काही थांबलं नाही. पण उठून बसायच्या, आकाशाकडे बघायच्या, थोड्या वेळाने आडव्या व्हायच्या. दार नव्हतं, त्यामुळे दार बडवणं नव्हतं. चावणंही थांबलं. या ‘उपचारा’ला खर्च आला खाट उचलायचा.

म्हणून मी म्हणतो, प्रशिक्षणाचा पहिला तास गावाचं नाव विचारण्याचा असावा. माणूस कुठला, काय काम करायचा, घरात त्याला काय म्हणत, कशाला भ्यायचा. आपल्या भागात नव्वदीकडे झुकलेली माणसं आहेत, ती निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकली. म्हातारपणी नवी भाषा आधी जाते, जुनी मागे राहते. एखादे आजोबा अचानक उर्दूत बोलायला लागले तर ते बरळत नाहीयेत. त्यांनी १९४८ चे रझाकार पाहिलेत, रात्रीच्या दारावरच्या थापेने ते खाटेखाली शिरले तर तो चाळा नाही.

दुसरा तास शरीराचा. बोलता न येणारं माणूस दुखतंय हे कसं सांगेल? मारून सांगेल. चार दिवस शौचाला झाली नाही, लघवीत जंतुसंसर्ग झाला, दाताला कळ लागली, चष्मा हरवला, कानातलं यंत्र बंद पडलं, पाणी कमी प्यायलं. अचानक बिघडलेल्या वागण्यामागे आधी हे बघायचं, मग बाकीचं. तिसरा तास हातांचा. समोरून जायचं, मागून धरायचं नाही. खाली बसून डोळ्यांच्या पातळीवर बोलायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. अंघोळीला पाणी आधी पायावर, डोक्यावर एकदम नाही. राग चढला की मागे सरकायचं, वाट मोकळी ठेवायची. चौथा तास सांभाळणाऱ्यांचा स्वतःचा. ज्याने आज मार खाल्लाय त्याच्याशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे. मार खाल्ल्यावर राग येतो, तो येणं पाप नाही, तो एकट्याने गिळायला लावणं पाप आहे.

आणि हे सगळं एकदा सांगून होत नाही. पाळीवर, कामात, कुणीतरी जाणतं बरोबर उभं राहून शिकवावं लागतं.

आता कायदा. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, त्यांना पळता आलं नाही. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्यात साखळीने बांधायला बंदी आहे, एकांतकोठडीला बंदी आहे. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्ग नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी आहे. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी संस्थेला कुणाला बांधता येणार नाही. स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांचा गंभीर बिघाडही त्या कायद्याच्या व्याख्येत येतो.

ती ओळ मला महत्त्वाची का वाटते, ते सांगतो. हे मी आजवर जाहीरपणे बोललो नव्हतो. मावशी गावी गेली होती, चार रात्री मी एकटा. आक्का रात्री उठून रस्त्यावर जायची. तिसऱ्या रात्री मी तिचा उजवा हात पंचाने खाटेला बांधला आणि झोपलो. मऊ पंचा होता, सैल गाठ होती, मी स्वतःला सगळं सांगितलं होतं. सकाळी मनगटावर वळ होता. तिने रात्रभर ओढलं असणार. ज्या हाताने मला घास भरवला तो हात. मावशी परत आली, तिने वळ बघितला, मला काही म्हणाली नाही. खोबरेल तेल घेऊन बसली.

मी दुष्ट माणूस नाही. प्रेम कमी नव्हतं. कर्मचारी कमी होते, एक, आणि तोही न शिकलेला. ‘माया असली की झालं’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. माया होती. झालं नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. महाराष्ट्रातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. पोरं पुण्याला, आईबाप इथं. म्हणजे हे काम नांदेड-लातूरच्या घराघरांत, ब्युरोतून आलेल्या मावश्यांच्या हातांनीच होणार आहे. त्या हातांना शिकवायचं की मार खाऊन खाऊन कळू द्यायचं, एवढंच आपल्याला ठरवायचंय.

‘अस्तु’ जरूर बघा. पुन्हा बघा. पण बघताना चन्नम्माला देवी करू नका. देवीला पगार, सुट्टी आणि शिक्षण लागत नाही. चन्नम्माला लागतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मावशींनी म्हैस आहे असं भासवलं, हे खोटं बोलणं नाही का? तुम्ही तर कांट शिकवायचात.

उत्तर: शिकवायचो, आणि हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. कांटचा १७९७ चा निबंध आहे, परोपकारासाठीसुद्धा खोटं बोलायचा हक्क नाही असं सांगणारा. पण मावशीने म्हैस आहे असं म्हटलंच नाही. तिने विचारलं, कोणती म्हैस? म्हैस होती, हे सत्यच आहे. आक्काला धार काढायची नव्हती, तिला आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे हवं होतं. मी तारखेबद्दल खरं बोलत होतो, मावशी आक्काबद्दल खरं बोलत होती. तरी सीमा आहे. “तुमचा मुलगा उद्या येणार आहे” असं रोज सांगणं हे खोटंच, आणि ते माणसाला आतून कळतं. भ्रमात भर घालू नका, भ्रमाशी भांडूही नका. सोबत चाला.

प्रश्न: (एक महिला श्रोता) मी वृद्धाश्रमात काम करते. तुम्ही सांगता ते सगळं कळतं. पण रात्री दोघीच असतो. गाव विचारायला वेळ कुठाय?

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, आणि हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, तुमच्या संस्थाचालकांना सांगायला हवं. दोघींवर २२ माणसं टाकून वर प्रशिक्षण देणं ही फसवणूक आहे. एकच सुचवतो. रोज एका माणसाबद्दल एक ओळ लिहा. आज अमुक वाजता असं झालं, त्याआधी असं झालं होतं. महिनाभराने ती वही घेऊन चालकांसमोर बसा. तुमचं म्हणणं ते ऐकणार नाहीत, पण वही ऐकावी लागते. आणि त्यांनी नाही ऐकलं तर मला कळवा, मी येतो तुमच्याबरोबर. गुडघे दुखतात, पण जिने चढता येतात अजून.